दहा सीसीची टाकी : मॉडेल विमानाच्या डिझेल इंजिनासाठी

मॉडेल विमान हातात धरलेलं असताना इंजिन खणखणीत वाजतं. सोडलं की चार-सहा फेऱ्या नीट होतात, मग आवाज बसायला लागतो, इंजिन तापतं आणि बंद पडतं. उडवणारा इंधन कमीजास्त करणारा नीडल फिरवतो, कॉम्प्रेशनचा म्हणजे दाबाचा स्क्रू पिळतो, प्रोपेलर (प्रॉप) बदलून बघतो आणि शेवटी इंजिनच खराब आहे असं ठरवून ते डब्यात टाकतो. अशी डब्यात गेलेली इंजिनं पुन्हा चालू झालेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं इंजिनात नव्हतंच, मागच्या टाकीत होतं. टाकी जास्त रुंद होती, खाली बसली होती, तिची नळी फुगली होती किंवा तिच्यातलं इंधन उन्हाने उकळलं होतं.

हा लेख त्या टाकीविषयी आहे. उदाहरणं डोंबिवलीतल्या मानपाड्याची घेतली आहेत, कारण अशी टाकी बनवायला लागणारं जवळजवळ सगळं सामान मानपाडा रोडवर, चार रस्त्यापासून कल्याण-शीळ रस्त्याला लागेपर्यंत, चालत जाऊन गोळा करता येतं. पत्रा, डाख, पितळी नळी, इंजेक्शनची सिरिंज, एरंडेल. बाहेरून मागवावं लागतं ते फक्त इंजिन. ईथर मात्र जपून, योग्य ठिकाणाहूनच घ्यावं लागतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हे डिझेल पंपावरचं नव्हे

मॉडेल विमानाच्या इंजिनाला डिझेल म्हणतात ते त्याच्या पद्धतीवरून. त्याला स्पार्क प्लग नाही, तापती तार नाही, बॅटरी नाही. हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबलं जातं, दाबामुळे तापतं आणि आपोआप पेटतं. सिलिंडरच्या डोक्यात एक सरकणारी चकती असते. वरचा स्क्रू पिळून ती खालीवर केली की दाब कमीजास्त होतो. इंधन मात्र कार्बोरेटरमधून हवेबरोबर आत ओढलं जातं. ट्रकच्या इंजिनासारखा पंप इथे नाही, त्यामुळे टाकीतून इंधन किती सहज येतं यावर सगळा खेळ असतो.

इंधनाचे मुख्य घटक तीन : ईथर, रॉकेल आणि एरंडेल. जुन्या साध्या इंजिनांना तिन्ही समान भागांत चालतं. जरा नव्या इंजिनांना ईथर तीस टक्क्यांच्या आसपास, एरंडेल वीस ते पंचवीस, बाकी रॉकेल आणि वर पेट लवकर घेण्यासाठी एक-दोन टक्के नायट्रेटचं मिश्रण. ईथर लवकर पेटतं, शक्ती रॉकेल देतं आणि वंगण एरंडेलाचं. ईथरचं आणखी एक काम आहे, ते फार जणांना माहीत नसतं. एरंडेल रॉकेलमध्ये नीट मिसळत नाही. दोघांना एकत्र धरून ठेवतं ते ईथर. ईथर उडून गेलं की मिश्रण गढूळ होतं आणि एरंडेल तळाला बसतं. टाकीत गढूळ इंधन दिसलं तर ते ओतून टाका, ढवळून वापरू नका.

मुंबई, कोलकाता आणि एनसीसी

पहिली मॉडेल डिझेल इंजिनं 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये विकायला आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये मिल्स कंपनीने 1946 मध्ये 1.3 सीसीचं इंजिन काढलं आणि पुढे 0.75 सीसीचं. त्याच धाटणीची इंजिनं नंतर कोलकात्यात अरोरा या नावाने बनू लागली आणि परदेशातही विकली गेली. भारतातल्या हौशी लोकांच्या हाती पहिलं इंजिन आलं ते अनेकदा हेच.

एनसीसीचा हवाई विभाग 1 एप्रिल 1950 रोजी सुरू झाला तेव्हा पहिल्या दोन तुकड्यांपैकी एक मुंबईत होती आणि दुसरी कोलकात्यात. हवाई विभागाच्या शिक्षणात मॉडेल विमानं पहिल्यापासून महत्त्वाची. वायुसैनिक शिबिरात आजही त्यांच्या स्पर्धा होतात, त्यात दोन तारांवर गोल फिरणारी कंट्रोल लाइनची विमानं असतात. पुढे जे सांगितलं आहे ते मुख्यतः अशाच विमानाला धरून आहे. तारांवरचं विमान लहान जागेत उडतं आणि आपल्या भागात जागाच मिळत नाही.

टाकी किती सीसीची?

हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा. इंजिन 1 सीसीचं, फेरे मिनिटाला 10,000. दर फेऱ्याला सिलिंडर पूर्ण भरत नाही, साधारण 0.6 सीसी हवा आत येते असं धरा. म्हणजे मिनिटाला 6 लिटर हवा, वजनाने 7 ग्रॅमच्या आसपास. दहा भाग हवेला एक भाग जळणारं इंधन धरलं तर ते 0.7 ग्रॅम होतं. त्यात तीस टक्क्यांच्या बेताने एरंडेल मिळवलं की 1 ग्रॅम. असं मिश्रण पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे आकारमान भरतं सव्वा सीसी. तर 1 सीसीचं इंजिन मिनिटाला सव्वा सीसीच्या आसपास पितं. पाच मिनिटांच्या उड्डाणाला सव्वासहा सीसी, वर सुरू करून सूर लावेपर्यंतचं, आणि तळाशी राहणारं थोडं. दहा सीसीची टाकी पुरते.

इंजिन 2.5 सीसीचं असेल तर त्याच प्रमाणात वाढवा. जगभरच्या टीम रेसच्या स्पर्धेत 2.5 सीसीच्या इंजिनाला फक्त 7 सीसीची टाकी चालते. तारा 15.92 मीटरच्या असतात, म्हणजे एक फेरी बरोबर 100 मीटरची, आणि 10 किलोमीटरच्या शर्यतीत मध्येच उतरून टाकी भरावी लागते. तिथे इंजिन वेगवान असण्याइतकंच ते कमी पिणारं असणं मोलाचं ठरतं.

एक चूक वारंवार होते. मेथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाचं कोष्टक बघून लोक डिझेलची टाकी निवडतात. मेथेनॉल जळायला वजनाच्या साडेसहा पट हवा पुरते, रॉकेलला जवळपास पंधरा पट लागते. म्हणून तेवढ्याच हवेत ग्लो इंजिन दुपटीने इंधन जाळतं. त्या कोष्टकातल्या आकड्याची निम्मी टाकी घ्या. उगाच मोठी टाकी म्हणजे नाकात वजन आणि जास्त वेळ चालू राहणारं इंजिन. तारा धरून गोल फिरताना घेरी यायला लागते तेव्हा विमान अजून तीन मिनिटं उडणार आहे हे कळणं चांगलं नाही.

टाकी कुठे बसवायची

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

जमिनीवर उभ्या विमानात इंधनाची पातळी आणि कार्बोरेटरमधल्या फवाऱ्याच्या नळीची उंची यांत जो फरक असतो, तेवढा इंजिनाला ओढायला जास्त किंवा कमी जोर लागतो. म्हणून टाकीची अर्धी उंची फवाऱ्याच्या नळीच्या रेषेत हवी. इतपत सगळे पाळतात. विमान गोल फिरायला लागलं की मात्र इंधनाला जमिनीकडे ओढणाऱ्या जोरापेक्षा बाहेर फेकणारा जोर मोठा होतो. आकडा काढून बघू. वेग ताशी 60 किलोमीटर, तारा 10 मीटर. बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 2.8 पट. वेग 80 आणि तारा 15 मीटर घेतल्या तर 3.4 पट.

म्हणजे उडत असताना टाकीतली पातळी आडवी राहत नाही, जवळजवळ उभी होते. इंधन टाकीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून उभं राहतं आणि संपत जातं तसं बाहेर सरकतं. टाकी 12 मिलिमीटर रुंद असेल तर भरल्यापासून रिकामी होईपर्यंत इंजिनाला पातळी जणू 34 मिलिमीटर खाली गेल्यासारखी लागते. तीच टाकी 25 मिलिमीटर रुंद असेल तर 70 मिलिमीटर. छोट्या इंजिनाची ओढ एवढी नसते. मिश्रण पातळ होत जातं, इंजिन तापतं, कॉम्प्रेशन जास्त झाल्यासारखं कण्हतं आणि आवाज बसतो. सुरुवातीला वर्णन केलेला आजार तो हाच.

त्यामुळे कंट्रोल लाइनची टाकी आडवी अरुंद हवी. उंची आणि लांबी थोडी वाढली तरी चालेल. टाकीच्या रुंदीचा मध्य इंजिनाच्या मध्यरेषेवर आणि टाकी इंजिनाच्या शक्य तितकी जवळ. आपल्याकडे विमान बहुधा डाव्या पंखाकडून धरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, त्यामुळे बाहेरची बाजू उजवी. इंधन ओढणारी नळी टाकीच्या आत उजव्या, मागच्या कोपऱ्यात संपली पाहिजे. विमान वर चढताना इंधन मागे जातं, फिरताना उजवीकडे, म्हणजे शेवटचा थेंब त्या कोपऱ्यातच सापडतो. नळीचं तोंड भिंतीला टेकवू नका, दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा.

कसरती करणाऱ्यांसाठी बाहेरची भिंत पाचरीसारखी, म्हणजे वरून-खालून उतरत मध्ये टोक येणारी असते. विमान उलटं असो की सुलटं, इंधन त्या टोकात गोळा होतं. नव्या माणसाला सरळ चौकोनी टाकी पुरते, पाचर करायची घाई नको.

उंची ठरवायची शेवटची कसोटी उडवूनच. सुलटं उडताना इंजिन जास्त वेगाने, कोरडं वाजतं आणि उलटं केल्यावर जड, ओलं वाजतं, तर टाकी खाली बसली आहे. बाल्सा लाकडाची एक मिलिमीटरची पट्टी टाकीखाली सरकवा आणि पुन्हा बघा. एका वेळी एकच मिलिमीटर.

विकतची, औषधाच्या बाटलीची की पत्र्याची

रेडिओवर उडणाऱ्या विमानांसाठी प्लास्टिकच्या बाटलीसारख्या टाक्या विकत मिळतात. आत लवचीक नळीच्या टोकाला पितळी वजन असतं, इंधन जिकडे जाईल तिकडे ते वजन जातं. कल्पना चांगली आहे, पण या टाक्या बहुतेक ग्लो इंजिनांसाठी असतात आणि आतली नळी सिलिकॉनची असते. डिझेलच्या इंधनात सिलिकॉन फुगतं, लिबलिबीत होतं आणि टोकावरून निसटतं. टाकी घ्या, नळी फेकून द्या. शिवाय दहा-पंधरा सीसीच्या अशा टाक्या सहज मिळत नाहीत.

होमिओपॅथीच्या गोळ्यांची किंवा डोळ्यांत घालायच्या औषधाची छोटी बाटली हा सोपा मार्ग आहे. तळाशी त्रिकोणातला आकडा बघा. 2, 4 किंवा 5 असेल तर पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन आहे, एका उड्डाणापुरतं चालतं. 6 असेल तर घेऊ नका, ते पॉलिस्टायरीन, इंधनाने तडकतं किंवा मऊ पडतं. थर्माकोलचंही तेच. पंखात थर्माकोल असेल तर सांडलेलं इंधन त्याला खचवून टाकतं, त्यामुळे नाकाचा भाग आधी चांगला रंगवून बंद करा. प्लास्टिकच्या बाटलीतून ईथर हळूहळू बाहेर झिरपतं, म्हणून ही बाटली टाकी म्हणून ठीक, साठवणीसाठी नाही.

माझं मत विचाराल तर पत्र्याची टाकीच करावी. हवा तो आकार मिळतो, वर्षानुवर्षं टिकते आणि एकदा ती हाताने केली की टाकीच्या आत काय चाललं आहे ते पुन्हा कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पत्र्याची टाकी

पत्रा खाद्यतेलाच्या डब्याचा. कथिल चढवलेला लोखंडी पत्रा असतो आणि पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, घरच्या मजबूत कात्रीने कापतो. चुंबक चिकटतो का ते बघा. चिकटला नाही तर तो ॲल्युमिनियम आहे आणि त्याला डाख धरणार नाही. डब्याच्या आतून कधी कधी सोनेरी लाखेचा थर असतो. जिथे डाख द्यायची तिथला थर पॉलिश पेपरने खरवडून काढा.

दहा सीसीच्या टाकीची मापं : लांबी 40, उंची 20, रुंदी 12 मिलिमीटर. गुणून बघा, 9.6 सीसी येतात. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून विमानात बसतो का ते पाहा, मग पत्रा कापा. 20 आणि 12 च्या चौकोनी नळीसारखा मधला भाग एकाच पट्टीतून दुमडायचा, जोड तीन मिलिमीटर एकावर एक ठेवायचा. दोन टोकांना दोन झाकणं, त्यांच्या कडा दोन मिलिमीटर आत दुमडलेल्या. दुमडण्यासाठी लाकडाचा 20 बाय 12 चा ठोकळा सुताराकडून रंधून घ्या. कोपरे सरळ येतात आणि पुढच्या टाकीला तोच ठोकळा उपयोगी पडतो.

नळ्या पितळी, बाहेरून 3 मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळाली तर जुन्या बॉलपेनची पितळी रिफिल चालते. शाई पूर्ण धुऊन काढायची आणि टोक कापायचं. नळ्या तीन : इंजिनाला जाणारी, भरायची आणि हवेची. भरायच्या आणि हवेच्या नळीची आतली तोंडं उडवणाऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे डाव्या भिंतीजवळ ठेवा. उडताना इंधन उजवीकडे जातं, त्यामुळे त्या तोंडांतून सांडत नाही. नळी वाकवताना ती चेपते. आत बारीक वाळू भरून दोन्ही टोकं बंद करा आणि मग हळूहळू वाकवा.

डाख देताना इलेक्ट्रॉनिक्सचं पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं, साठ वॅटच्या पुढचं हवं. प्रत्येक कडेला आधी कल्हई करून घ्या, म्हणजे डाखेचा पातळ थर चढवून घ्या, मगच दोन कडा जोडा. राळ असलेली पेस्ट पुरते. ॲसिड वापरलं तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतबाहेर धुवा, नाहीतर पत्रा आतून गंजतो आणि गंजाचा कण नेमका नीडलमध्ये जाऊन बसतो. क्रम असा : आधी मधला जोड, मग एक झाकण, मग नळ्या. नळ्यांची आतली तोंडं कुठे आली ते डोळ्यांनी बघून घ्या, आणि शेवटी दुसरं झाकण. ते एकदा बंद झालं की आतलं काही दुरुस्त होत नाही. म्हणून दोनदा बघा.

तपासणी पाण्याच्या बादलीत. दोन नळ्या बोटांनी बंद करा, तिसरीतून रबरी नळीने फुंका. बुडबुडे जिथून येतील तिथे गळती आहे. मग टाकीत थोडं रॉकेल घालून जोराने हलवा आणि पांढऱ्या फडक्यावर ओता. डाखेचे मणी आणि पेस्टचे कण येणं थांबेपर्यंत हे करत राहा. खरं माप सिरिंजने भरून मोजा आणि टाकीवर खिळ्याने कोरून ठेवा.

गळणारी जुनी टाकी पुन्हा डाखायची असेल तर एक गोष्ट जिवाची आहे. इंधन राहिलेल्या टाकीला गरम सोल्डरिंग आयर्न लावायचं नाही. रिकामी दिसणारी टाकी ईथरच्या वाफेने भरलेली असते. साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुवा, उघडी करून मोकळ्या हवेत एक दिवस ठेवा आणि डाख देताना पाण्याने जवळजवळ भरलेली ठेवा.

हवेची नळी आणि कोंबड्यांचं पाणी

साध्या टाकीत इंधन संपत जातं तसं मिश्रण पातळ होतं, हे वर आलं. यावर एक जुना आणि सुंदर उपाय आहे. हवेच्या नळीचं आतलं तोंड डाव्या भिंतीजवळ न ठेवता इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ, थोडं पुढे आणून ठेवायचं. मग हवा इंधनाच्या आत बुडबुड्यांनी शिरते आणि टाकी भरलेली असो की अर्धी, इंजिनाला पातळी त्या तोंडापाशीच आहे असं वाटतं. मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने भौतिकशास्त्रात ओळखली जाणारी बाटली याच तत्त्वावर चालते. इंग्रजीत हिला युनिफ्लो म्हणतात. दुसऱ्या एका प्रकाराचं नाव तर सरळ कोंबड्यांच्या भांड्यावरून पडलं आहे. पोल्ट्रीत उलटी बाटली लावलेलं पाण्याचं भांडं बघितलं असेल. कोंबडी पिते तेवढंच पाणी खाली येतं आणि भांड्यातली पातळी हलत नाही. तसाच छोटा दुसरा कप्पा टाकीला जोडतात.

युनिफ्लो करताना भरायची नळी भरून झाल्यावर बंद करावी लागते. ती उघडी राहिली तर सगळी करामत वाया जाते, आणि विसरायला सगळ्यात सोपी गोष्ट हीच आहे. नळीचं टोपण विमानाला दोऱ्याने बांधून ठेवा.

नळी, गाळणी, सिरिंज

टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी निओप्रीनची किंवा इंधनासाठीच असलेली. पारदर्शक पीव्हीसीची स्वस्त नळी चालते, पण काही महिन्यांत कडक होते, मग कापून नवी लावायची. सिरिंजच्या दांड्यावरचं काळं रबर इंधनाने फुगतं आणि अडकतं. रबर नसलेली, पूर्ण प्लास्टिकची सिरिंज मागा. गाळणी भरायच्या बाटलीला लावा, आपल्याकडे बांधकामांची धूळ कमी नाही. टाकी विमानात घट्ट ठोकून बसवू नका. डिझेल इंजिन चांगलंच थरथरतं आणि एरंडेल असलेल्या इंधनाला फेस लवकर येतो. स्पंजचा पातळ तुकडा आणि दोन रबर बँड पुरतात.

34.6 अंश

शुद्ध ईथर 34.6 अंश सेल्सिअसला उकळतं. एप्रिल-मे महिन्यांत डोंबिवलीत दुपारची हवाच त्याहून गरम असते, आणि उन्हात ठेवलेला पत्रा किती तापतो ते सांगायला नको. मिश्रणात ईथर एवढ्या लवकर उकळत नाही, तरी वाफ सुटते. नळीत बुडबुडे होतात, इंजिन खोकतं आणि उरलेल्या इंधनात ईथरचं प्रमाण कमी होतं. सकाळी नीट चालणारं इंजिन साडेदहानंतर सुरूच होत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. थंड देशांतल्या पुस्तकांत या अडचणीला फार जागा नसते. आपल्याला ती पहिल्या पानावर हवी.

उपाय साधे आहेत. टाकी आणि इंजिनाच्या भिंतीमध्ये बाल्साची पट्टी घालून फट ठेवा. टाकी उघडी असेल तर पांढरा रंग द्या. भरायची बाटली ओल्या फडक्यात, सावलीत, झाकण घट्ट. विमान भरलं की लगेच उडवा, भरून ठेवून गप्पा मारू नका. उड्डाण झालं की उरलेलं काढून टाकी रिकामी करा, नाहीतर आत राहिलेलं एरंडेल लाखेसारखं घट्ट होतं.

ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. ईथर शून्याखाली 45 अंशांनाही पेटण्याइतकी वाफ देतं आणि 160 अंशांच्या आसपास तर ज्योत नसतानाही पेटतं. घरच्या फ्रिजमध्ये ते ठेवायचं नाही, तिथल्या स्विचची ठिणगी पुरेशी असते. उजेडात आणि हवेत बरेच महिने पडलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइडं तयार होतात, आणि ती स्फोटक असतात. म्हणून जुनी, अर्धी राहिलेली बाटली उघडू नका, हलवू नका, जाणकाराला दाखवा. लागेल तेवढंच, बिल घेऊन, रसायनांच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि मिश्रण अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली मोकळ्या हवेत करा. लोकलने ते न्यायचं नाही. ज्वालाग्राही माल गाडीतून नेणं रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली गुन्हा आहे, आणि डोंबिवलीच्या गर्दीच्या डब्यात काय होऊ शकतं याचा विचारही नको.

26 मे 2016 आणि 23 मे 2024 या तारखा डोंबिवलीच्या एमआयडीसीलगत राहणाऱ्या कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. दोन्ही वेळा रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. आपल्या हौसेतलं ईथर त्या मानाने ओंजळभर असतं. तरीही ज्या वस्तीने ते पाहिलं आहे तिथे शेजाऱ्याला न सांगता, गच्चीवर किंवा जिन्याखाली ईथर ठेवणं मला मान्य नाही.

उडवायचं कुठे

मानपाडे दोन आहेत. ठाण्यातला मानपाडा घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या पायथ्याशी. तिथे मागे राष्ट्रीय उद्यान आहे, येऊरच्या डोंगरावर आणि कोलशेतला हवाई दलाची ठाणी आहेत. तिथे उडवायचा विचार सोडून द्या. डोंबिवलीच्या बाजूला नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे. त्या जमिनीसाठी शेतकऱ्यांनी 22 जून 2017 रोजी मोठं आंदोलन केलं, जागा नौदलाच्या ताब्यात आहे. तिथेही जायचं नाही.

उरतात शाळा-कॉलेजांची मैदानं, रीतसर परवानगी घेऊन. तारा 10 मीटरच्या असतील तर मैदानात किमान 30 मीटर व्यासाचा मोकळा गोल हवा. वर बघा. या पट्ट्यातून उच्चदाबाच्या विजेच्या तारा जातात आणि विमानाच्या तारा लोखंडी असतात. अशा तारांच्या आसपास कंट्रोल लाइन कधीच नाही, पावसाळी हवेत तर मुळीच नाही. रेडिओवर उडवणार असाल तर 2021 चे ड्रोन नियम लागू होतात, आधी सरकारी नकाशावर आपली जागा कोणत्या रंगात येते ते पाहा. इंजिन बंद पडल्यावर वाऱ्यावर जाणारं फ्री फ्लाइटचं विमान आता इमारतींच्या या दाटीत उडवण्याजोगं राहिलेलं नाही.

माळ्यावरचं इंजिन

या भागात एनसीसीतून बाहेर पडलेले, आता साठी-सत्तरीतले बरेच जण राहतात. कुणाच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेलं मिल्स किंवा अरोराचं इंजिन पडलेलं असेल. ते फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. बहुधा आतलं एरंडेल घट्ट झालेलं असतं, एवढंच. दोन-तीन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, मग प्रॉप हाताने थोडा थोडा पुढेमागे करा, बहुधा ते सुटतं. कॉम्प्रेशनचा स्क्रू सैल करून ठेवा. आणि मग हवाई विभागात शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी शोधा, इंजिन त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्याबरोबर बसून त्याला दहा सीसीची एक टाकी करून द्या.